जिनिंगच्या डेटाबेसात टेबलांची स्थिती कशी तपासावी

कापसाचा हंगाम भरात आला की जळगाव-धरणगावकडच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या संगणकाला उसंत नसते. पावत्या मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये साठत असतील, तर आठवड्यातून एकदा टेबलं तपासून घ्या. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.

सुरुवात इथून (जिनिंग हे डेटाबेसाचं नाव, काटा% म्हणजे 'काटा'ने सुरू होणारी टेबलं):

शो टेबल स्टेटस फ्रॉम जिनिंग लाइक 'काटा%';

मायएसक्यूएलच्या कन्सोलवर शेवटच्या अर्धविरामाऐवजी उलटी तिरकी रेघ आणि कॅपिटल जी दिलं, की अठरा रकाने एकाखाली एक येतात. वाचायला तेच सोपं.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'रोज' (Rows, म्हणजे टेबलातल्या ओळींची संख्या) हा रकाना. इनोडीबी (मायएसक्यूएलची टेबलं साठवण्याची नेहमीची पद्धत) टेबलासाठी तो निव्वळ अंदाज असतो, खऱ्या संख्येपेक्षा 40 ते 50 टक्क्यांनीही वेगळा निघू शकतो. त्यावरून दिवसाच्या पावत्यांचा मेळ कधीच घालू नका. त्यासाठी सिलेक्ट काउंट(*) चालवा. मायएसक्यूएलच्या 8.0 आवृत्तीपासून आणखी एक भर पडली: हे आकडे मूळ सेटिंगनुसार 86,400 सेकंद, म्हणजे पूर्ण दिवसभर, साठवलेलेच दाखवले जातात. सकाळपासून चारशे गाड्या तोलल्या तरी आकडा कालचाच दिसू शकतो. ताजा हवा असेल तर अ‍ॅनालाइझ टेबल काटा_पावती; चालवा आणि मग पुन्हा बघा.

'अपडेट टाइम' (शेवटच्या बदलाची वेळ) नल (NULL, म्हणजे रिकामा) दिसला म्हणून घाबरू नका. वीज जाऊन सर्व्हर बंद पडला, की इनोडीबीची ही वेळ पुसली जाते. नोंदी जागेवरच असतात.

'कोलेशन' (अक्षरं कोणत्या संचात साठतात ते सांगणारा रकाना) मात्र नीट बघा. तिथे लॅटिन1 असेल, तर शेतकऱ्याचं नाव देवनागरीत साठणार नाही. स्ट्रिक्ट मोड (चुकीची माहिती नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर नोंद नाकारली जाते. बंद असेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात आणि ते नाव परत मिळत नाही. हा रकाना टेबलाची मूळ सेटिंगच सांगतो, म्हणून शो फुल कॉलम्स फ्रॉम काटा_पावती; देऊन एकेक कॉलमही तपासा. देवनागरीसाठी यूटीएफ8एमबी4 हवं.

बहुतेक रकाने नल आणि 'कमेंट'मध्ये 'व्ह्यू' असं असेल, तर ते टेबलच नाही, व्ह्यू (दुसऱ्या टेबलांतली माहिती दाखवणारी साठवलेली क्वेरी) आहे, काळजी नको. पण तिथे एरर लिहिलेला असेल, तर टेबल बिघडलेलं असू शकतं.

स्टेटसवरून आतला बिघाड मात्र नेहमी कळत नाही. त्यासाठी:

चेक टेबल काटा_पावती;

शेवटच्या ओळीत 'स्टेटस' आणि 'ओके' आलं पाहिजे. मोठ्या टेबलावर याला वेळ लागतो, म्हणून काटा बंद झाल्यावर, बॅकअप घेऊनच चालवा. इनोडीबीत खराब पान (पेज, म्हणजे डेटाचा एक तुकडा) सापडलं तर सर्व्हर स्वतःच बंद होतो. बिघाड पुढे पसरू नये म्हणून तशी रचना आहे.

अशा वेळी अनेकजण रिपेअर टेबल चालवतात. ती आज्ञा मायआयसॅम, आर्काइव्ह आणि सीएसव्ही या साठवणीच्या इतर पद्धतींपुरती आहे, इनोडीबीला लागू नाही. आधी डेटा डिरेक्टरीची जशीच्या तशी प्रत करून ठेवा. मग सेटिंग फाइलमध्ये इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी = 1 लिहून सर्व्हर चालू करा; नाहीच झाला तर एकेक अंक वाढवा. 4 पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, तिथे घाई नको. सर्व्हर उभा राहिला की मायएसक्यूएलडंप या बॅकअपच्या साधनाने टेबल बाहेर काढा, ती ओळ काढून टाका आणि नव्या डेटाबेसात भरा.