दम आधी तयार होतो, हाडे नंतर: मॅरेथॉनसाठी अंतर कसे वाढवावे

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. मराठवाड्यातील अनेक धावपटू त्यासाठी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबईची शर्यत डोळ्यांसमोर ठेवतात. तेथून अठरा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. त्या दिवशी आठवड्याला सुमारे तीस किलोमीटर कोणत्याही दुखण्याशिवाय होत असतील, तरच पुढील आखणी लागू पडते. होत नसतील, तर जून ते ऑगस्ट हे महिने केवळ तीसपर्यंत पोहोचण्यासाठी खर्च करावेत. एप्रिल-मे मध्ये अंतर वाढवण्याचा हट्ट धरू नये. पारा चाळिशीच्या वर असताना आहे तेवढे टिकले तरी पुष्कळ झाले.

अंतर हळू वाढवायचे ते दमासाठी नव्हे. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांना भार पेलण्याजोगे होण्यास कित्येक महिने लागतात, आणि या दोन वेगांमधील अंतरातच बहुतेक दुखापती होतात. मी स्वतः एका वर्षी उत्साहाच्या भरात एकाच आठवड्यात चाळीसवरून अठ्ठावन्न किलोमीटरवर गेलो. दम उत्तम होता. पुढच्या गुरुवारी उजव्या नडगीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा अशी झाली की अंगठा टेकवताच कळ मस्तकात जात असे, आणि त्यापुढचे सहा आठवडे केवळ चालण्यात गेले. पिंढऱ्या सर्वत्र ठणकणे हा सरावाचा भाग आहे. हाडावर एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असे दुखणे हा नव्हे. तेव्हा धावणे त्याच दिवशी थांबवावे आणि अस्थितज्ज्ञांना दाखवावे.

आखणीसाठी आठवड्यातून चार दिवस धावणे पुरेसे आहे. तीन आठवडे अंतर वाढवावे आणि चौथ्या आठवड्यात ते जवळजवळ पाव हिश्शाने उतरवावे. म्हणजे पहिल्या महिन्यात ३०, ३३, ३६ आणि मग २८ किलोमीटर. दुसऱ्यात ३६, ४०, ४४ आणि ३४. तिसऱ्यात ४४, ४८, ५२ आणि ४०. चौथ्यात ५२, ५५, ५८ आणि ४४. उतरत्या आठवड्यानंतर पुन्हा मागच्या शिखरापासूनच सुरुवात करावयाची, ही यातील खरी मेख आहे. ‘दर आठवड्याला दहा टक्के’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम ढोबळ मार्गदर्शक म्हणून ठीक आहे, परंतु तो उसंत न घेता सलग पाळला तर आकडा दोन महिन्यांतच दुप्पट होतो, हे सांगणारे कमी भेटतात.

रविवारची लांब धाव बारा किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दोन, फार तर तीन किलोमीटरने वाढवावी, हलक्या आठवड्यात तीही कमी करावी, आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी ती बत्तीसपर्यंत न्यावी. अठ्ठावन्नच्या आठवड्यात बत्तीसची धाव म्हणजे निम्म्याहून अधिक भार एकाच दिवशी येतो, आणि तो पेलण्यासाठी बुधवारी चौदा किलोमीटरची मधली धाव लागते. उरलेले दोन दिवस सहा-सहा किलोमीटर. ही बुधवारची धाव नोकरदार मंडळी सर्वांत आधी गाळतात आणि मग रविवारच्या पंचविसाव्या किलोमीटरला तिची किंमत मोजतात.

वेगाबाबत संयम अवघड जातो. लांब धाव शर्यतीच्या अपेक्षित वेगापेक्षा किलोमीटरमागे पाऊण ते सव्वा मिनिट हळू असावी. साडेचार तासांचे लक्ष्य असणाऱ्याचा शर्यतीतील वेग किलोमीटरला सहा मिनिटे चोवीस सेकंद येतो. त्याने रविवारी सव्वासातच्या आसपास धावावे. सोबत्याशी पूर्ण वाक्ये न तोडता बोलता येत नसतील, तर वेग जास्त आहे. साडेतीन तास उलटले, तर बत्तीस पूर्ण झाले नसले तरी थांबावे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे आंतरराष्ट्रीय धावपटू अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पूर्ण केली. लहानपणी त्यांची शाळा घरापासून सहा किलोमीटरवर होती. तेथवरच्या रोजच्या ये-जा करण्यात जमलेला पाया कोणत्याही अठरा आठवड्यांच्या तक्त्यात मावणारा नाही.

मार्ग जमिनीकडे पाहून निवडावा. छत्रपती संभाजीनगरकरांना दौलताबादचा रस्ता जवळचा आहे, मात्र खुलताबादकडे चढणारा घाट महिन्यातून एकदाच घ्यावा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना कालव्याकडेचा मुरमाचा रस्ता मिळाला, तर डांबराहून तो पायांना सुखाचा. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर पाऊल टाकू नये: शंभर पावलांत बुटाखाली चिखलाचा असा लोंदा जमतो की पाय उचलताना घोटा तिरका होतो. नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, एकामागे दोन जोडलेल्या आणि बहुधा मागे दिवा नसलेल्या. म्हणून अंधारात रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असावे.

नव्वद मिनिटांपुढील प्रत्येक धावेत खाण्यापिण्याचाही सराव करावा, कारण शरीरातील साखरेचा साठा साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतो. शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवरून जाऊन दर पाच किलोमीटरवर एखाद्या ओळखीच्या बाभळीच्या बुंध्याशी बाटली ठेवून येणे हा आमचा जुना उपाय आहे. बाटलीवर कापड बांधावे, नाहीतर सकाळी ती गुराख्याच्या हातात दिसते. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच मापाचा अर्धा चमचा मीठ ही जलसंजीवनी चालते. जोडीला बिया काढलेले खजूर ठेवावेत. शेंगदाण्याची चिक्की धावताना चावता येत नाही आणि पोटात बराच वेळ बसून राहते. तहानेपेक्षा फार जास्त नुसते पाणी पिणेही धोक्याचे आहे, कारण त्यामुळे रक्तातील मीठ पातळ होते.

बत्तीसच्या धावेनंतर अंतर उतरवत न्यावे: चव्वेचाळीस, मग तीसच्या आसपास, आणि शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून दहा-बारा. त्या दिवसांत पाय जड वाटतात, उगाच नव्या जागी दुखते आणि ‘एक लांब धाव राहून गेली’ असे वाटू लागते. ती काढू नये. बहुधा त्याच आठवड्यात भोगी आणि संक्रांत येते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी भोगीला मनसोक्त खावी, शनिवारी मात्र ताटात साधा वरण-भात असावा.