शृंगार, भय आणि मधला पूल: आवडत्या लेखिकेची पॅरानॉर्मल प्रेमरहस्यकथा कशी वाचावी

आवडत्या लेखिकेची नवी पॅरानॉर्मल रोमँटिक सस्पेन्स, म्हणजे अलौकिक शक्ती, प्रेम आणि रहस्य एकत्र गुंफणारी, कादंबरी हाती पडली, की ती एका बैठकीत संपवण्याचा मोह होतो. त्यात गैर काही नाही. मात्र अशा वाचनातून ‘खुनी कोण’ एवढेच कळते आणि या प्रकारातील खरी गंमत त्या उत्तरात क्वचितच असते. ती कोठे असते, हे सांगण्यासाठी मला आपल्याच काव्यशास्त्राचा आधार सोयीचा वाटतो.

संस्कृत काव्यशास्त्रकार विश्वनाथाने १४व्या शतकात लिहिलेल्या ‘साहित्यदर्पणा’त शृंगाराच्या विरोधी रसांमध्ये भयानकाची गणना केली आहे. जिचा जीव मुठीत आहे, तिला प्रेमात पडण्याची उसंत कोठून मिळणार? त्याच्याही आधी, ९व्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अशा विरोधावर तोड सांगून ठेवली होती: दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा रस आणून बसवावा. त्याने दाखला दिला आहे तो ‘नागानंद’ या संस्कृत नाटकाचा, जेथे शांत आणि शृंगार यांच्या मध्ये अद्भुत येतो. आपली लेखिकाही बहुधा हेच करत असते. समजा, एखाद्या वस्तूला हात लावताच नायिकेला त्या वस्तूच्या मालकाच्या आठवणी दिसतात. या शक्तीमुळेच खुनी तिच्या मागावर आहे, आणि नायकाने कोणालाही न सांगितलेले दुःख तिला कळते तेही याच शक्तीमुळे. भय आणि प्रेम या दोन काठांना जोडणारा पूल अद्भुताचा असतो, म्हणून वाचताना नजर ठेवायची ती त्या पुलावर.

यासाठी पहिली पन्नासेक पाने मुद्दाम सावकाश वाचावीत. खूण म्हणून ठेवलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी टिपाव्यात: ती शक्ती काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ती वापरल्यावर काय भोगावे लागते. यांपैकी तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नायिका ही किंमत कोणासाठी मोजायला तयार होते, यावरून तिचे प्रेम तिने कबुली देण्याच्या कितीतरी आधी वाचकाला कळते. तिसाव्या पानावर सहज सांगितलेली मर्यादा तीनशेव्या पानावर तिच्या जिवावर बेतली, तर लेखिकेला मनापासून दाद द्यावी. उलट ऐन प्रसंगी न सांगितलेली नवीच शक्ती उगवली, तर लेखिका कितीही आवडती असली तरी ते तिचे अपयश मानावे. आवडत्या माणसाला गुण देताना हात सैल सुटतो, म्हणून ही चिठ्ठी.

शेवटचे पान आधी पाहू नये, हा उपदेश मी करणार नाही, कारण जोडी अखेर एकत्र येणार हा या प्रकारातील लेखिका आणि वाचक यांच्यामधला जणू करारच असतो. मग उत्कंठा उरते कशात? फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या मुलाखतीत रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बाँबचे उदाहरण दिले होते: बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो, पण तो तेथे आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात. या कादंबऱ्यांत काही प्रकरणे खुन्याच्या मनातून लिहिलेली असतात ती याचसाठी. ती कंटाळून चाळू नयेत. मी एकदा जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेल्या प्रतीत चाळिसाव्या पानावर, एका पात्राच्या नावापुढे, पेन्सिलने ‘हाच तो’ असे लिहिलेले होते, आणि तो अज्ञात वाचक खरा निघाला. पहिल्यांदा संताप आला. पण नंतर नायिका त्या माणसाच्या हातचा चहा घेते तो साधा प्रसंग मी श्वास रोखून वाचला.

लेखिका मालिका लिहीत असेल, तर पुस्तके प्रकाशनाच्या क्रमाने वाचावीत. प्रत्येक भागात जोडपे नवे असले तरी मोठा शत्रू बहुधा तोच असतो, आणि मागील भागातील जोडपे पुढच्या भागात सुखाने नांदताना दिसले की आधीच्या संकटातली हवाच निघून जाते.

वेळ आणि जागा यांचाही विचार करावा. नाशिकमध्ये यासाठी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उत्तम. जवळच्या निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचून घोंगडी काढावी आणि त्याच रात्री पुस्तक उघडावे. थांबायचे झाल्यास प्रकरणाच्या शेवटी थांबू नये, कारण तेथे गळ लावलेलाच असतो. प्रकरणाच्या मध्ये, एखादे संभाषण शांतपणे चालू असताना खूण घालावी, म्हणजे झोपही लागते. परक्या मुलखातील रूप पालटणारी पात्रे आपल्याला झेपतील का, ही शंका निदान नाशिककराने तरी बाळगू नये. पंचवटीत लहानपणापासून सोन्याच्या हरणाची गोष्ट ऐकलेल्या माणसाला मोहक रूपामागे मारीच असू शकतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आठवडाभराने पुस्तक पुन्हा हाती घ्यावे आणि या खेपेस फक्त तेच प्रसंग वाचावेत, जेथे भीती आणि ओढ एकाच पानावर आली आहेत. पहिल्या वाचनात नायकावर संशय यावा म्हणून पेरलेली वाक्ये दुसऱ्या वाचनात प्रेमाची वाटू लागतात. लेखिकेने एकच वाक्य दोन्ही अर्थांनी कसे तोलले आहे, हे तेव्हाच दिसते. मग पुस्तक मैत्रिणीला खुशाल वाचायला द्यावे. मात्र देण्यापूर्वी ती चिठ्ठी आठवणीने काढून घ्यावी.