‘लोकशाही बाहेरून लादता येते का?’ : वादविवादाची तयारी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयीन स्पर्धांत हा विषय नाव बदलून फिरून फिरून येतो. वेळ सात मिनिटे धरा. मंचावरून मिनिटाला ११० ते १२० शब्द नीट पोचतात, म्हणजे संहिता ८०० शब्दांपुढे नेऊ नका. त्यात तीन देश बसतात, चौथा कोंबायचा नाही. नऊ देशांची नावे घेणाऱ्याने एकही देश वाचलेला नाही, हे परीक्षकाला लगेच कळते.

आधी विषयाचे तीन तुकडे करा. बळ वापरायला परवानगी होती का? जुनी राजवट पडली का? आणि पडल्यावर लोकांचे राज्य टिकले का? बहुतेक भाषणे पहिल्या तुकड्यावर सुरू होतात आणि अमेरिकेला शिव्या देण्यात तिथेच संपतात. तेल, स्वार्थ, महासत्ता हे सगळे खरे असले तरी हेतू वाईट म्हणून परिणाम वाईटच, असे सिद्ध होत नाही. प्रतिपक्षाचा हुशार वक्ता नेमका इथेच धरतो. गुण तिसऱ्या तुकड्यावर मिळतात.

कायद्याला दीड मिनिट पुरे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाचा वापर आणि धमकी दोन्हींना मनाई करते. अपवाद दोन : कलम ५१ खालचा स्वसंरक्षणाचा हक्क आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेने दिलेली मंजुरी. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने ‘संरक्षणाची जबाबदारी’ मान्य केली ती वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्चाटन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या चारांपुरती. ‘लोकशाही नाही’ हे कारण त्या यादीत नाही. मात्र हैती विसरू नका. तिथले निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष आरिस्टिड यांना १९९१ मध्ये लष्कराने हटवले, तेव्हा सुरक्षा परिषदेने ३१ जुलै १९९४ च्या ठराव ९४० ने त्यांना परत बसवण्यासाठी बळाला मंजुरी दिली होती. अनुकूल बाजूला हा हुकमी पत्ता आहे. प्रतिकूल बाजूने उत्तर तयार ठेवावे : त्याच आरिस्टिड यांना २००४ मध्ये पुन्हा देश सोडावा लागला.

आता कार्डे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, एका देशाला एक कार्ड, त्यावर पाच ओळी : आधीचा निवडणुकांचा अनुभव, परवानगीचा आधार, राजवट पडल्याची तारीख, सैन्य-पोलिसांचे काय केले, पहिली निवडणूक आणि पुढे काय झाले. चौथी ओळ रिकामी राहिली तर ते कार्ड घेऊन मंचावर जाऊ नका.

इराकचे कार्ड असे भरते. स्वारी २० मार्च २००३, बगदाद पडले ९ एप्रिलला. १६ मे रोजी अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनाने पहिला आदेश काढून सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढले. त्यात कारकून, डॉक्टर, मास्तरही सापडले. २३ मे रोजी दुसरा आदेश निघाला : सैन्य बरखास्त. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे आठवडाभरात बेरोजगार झाली आणि दारूगोळ्याची कोठारे धड राखलेली नव्हती. निवडणूक झाली ३० जानेवारी २००५ ला, तोवर बंड पेटलेले होते. मतपेटी यायच्या आधी पगारपत्रक फाडले गेले, हा मुद्दा सावकाश, तारखांसह मांडा. घाईत नेमका हाच भाग गिळला जातो.

‘मग जर्मनी-जपानचे काय?’ हा प्रश्न येणारच. उत्तर चाळीस सेकंदांत बसवा. जर्मनीत १९१९ पासून हिटलर येईपर्यंत प्रजासत्ताक होते. जपानमध्ये संसद १८९० पासून आणि सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार १९२५ पासून होता. दोन्हीकडे दुसऱ्या महायुद्धातली शरणागती पूर्ण होती. जपानची नोकरशाही चालू ठेवली, सम्राटाचे पदही राखले, आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालचा ताबा १९५२ पर्यंत राहिला. पण प्रामाणिकपणे हेही मान्य करा, की जपानी स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले ते एप्रिल १९४६ मध्ये, म्हणजे ताब्याखाली असतानाच. आपणच कबूल केलेला मुद्दा प्रतिपक्षाला हत्यार म्हणून वापरता येत नाही.

स्थानिक उदाहरण हवे असेल तर १८१८ घ्या. इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा लोकशाहीचा प्रश्नच नव्हता, हे एका वाक्यात स्पष्ट करा, नाहीतर उदाहरण उलटेल. उपयोग आहे तो चौथ्या ओळीसाठी. भिल्ल नाईकांचे परंपरागत हक्क तुटले आणि सातपुडा-सातमाळा धुमसत राहिला. नुसत्या फौजेने भागेना, तेव्हा १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी (भिल्लांचा कारभार पाहणारी इंग्रजी कार्यालये) नेमल्या आणि धरणगावला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. त्यानेही कायमचे काही मिटले नाही. सेंधवा घाटाच्या रखवालीवर असलेले खाज्या नाईक १८५७ च्या उठावात उतरले. १८८० चे खानदेश गॅझेटियर वाचा, पण लिहिणारे इंग्रज होते हे ध्यानात ठेवून. ‘लुटारू’ हा शब्द त्यांचा आहे, तुमचा नाही.

प्रतिकूल बाजूने बोलणाऱ्याला हमखास अडवणारा प्रश्न म्हणजे १९७१ चे बांगलादेश युद्ध. तिथे भारताने लोकशाही लादली नाही. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत कौल लागला होता, तो इस्लामाबादने मानला नाही. बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची मुक्तिवाहिनी आधीपासून लढत होती आणि भारतीय फौज मार्च १९७२ पर्यंत परतली. तरीही ऑगस्ट १९७५ मध्ये बांगलादेशचे नेते शेख मुजीब यांची हत्या होऊन पुढे लष्करी राजवट आली. एवढे सांगून थांबा. देशभक्तीपर टाळ्यांसाठी हा मुद्दा ताणला की विषय हातातून सुटतो.

इराकमधल्या मृतांचे आकडे अभ्यासागणिक फार वेगळे येतात. आकडा कोणी, कोणत्या काळाचा आणि कसा मोजला हे सांगता येत नसेल तर तो वगळा. लिबियासाठी सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १९७३ चे मतदान पाठ असू द्या : १७ मार्च २०११, बाजूने १०, विरोधात शून्य, तटस्थ ५, त्यात भारतही. मंजुरी नागरिकांच्या संरक्षणाची होती, शेवट तिथले हुकूमशहा गडाफी यांच्या पाडावात झाला. आणि कृपा करून ‘लोकशाहीचे रोपटे’ घरीच ठेवा. जळगावात ते केळीचेच निघते आणि परीक्षकांनी त्या दिवशी ते चारदा ऐकलेले असते.

शेवटच्या फेरीत ‘भारताने काय करावे?’ असे विचारले तर मोघम बोलू नका. इराकमध्ये सैन्य पाठवा, ही अमेरिकेची विनंती वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ रोजी नाकारली. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, अशी भूमिका तेव्हा घेतली होती. ही तारीख आणि ही अट सांगा, मग स्वतःचे मत द्या.