मोठी मुलं वाचनालयात टिकू लागली, ती अशी

गोष्टीच्या तासाला लहानग्यांची झुंबड असायची, पण १२-१३ च्या पुढची मुलं दारातूनच परत फिरायची. बुटक्या खुर्च्या, भिंतीवर ससे. त्यांना तिथे बसायला संकोच वाटणारच! मग त्यांची वेळ संध्याकाळची केली आणि जागा मोठ्यांच्या विभागालगत दिली.

खरा फरक मात्र कॉमिक्समुळे पडला. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत त्यांचा क्रमांक ७४१.५, म्हणजे चित्रकलेतलाच, त्यामुळे ती चित्रकलेच्या पुस्तकांत दडलेली असत. त्यांचं वेगळं कपाट केलं आणि मांडणी मुलांवरच सोपवली. प्रत्येक पुस्तकात ती स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी खोचतात: "पहिली २० पानं कंटाळवाणी, पण सोडू नका." असं काही मी कधीच खोडत नाही. पुढचे कार्यक्रमही आता तीच ठरवतात.