सुपलीची कड सुधारा, केराची रेघ आपोआप जाते

झाडून झालं, केर एका जागी गोळा केला, सुपलीत भरला आणि सुपली उचलली की खाली ती बारीक धुळीची रेघ राहतेच. मग सुपली जरा मागे घ्या, परत झाडू मारा, परत रेघ, मग अजून मागे, आणि शेवटी कंटाळून जे काय उरलं ते झाडूच्या एका फटक्यात पायपुसण्याच्या दिशेने उडवून मोकळं व्हायचं. सगळे हेच करतात, उगाच नाही म्हणू नका. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून जी मऊ धूळ घरात येते ती स्लायडिंग बंद असली तरी फटीतून येतेच, आणि ही धूळ नेहमीच्या सुपलीत जायला तयारच नसते.

दुकानात लोक सुपली घेताना रंग बघतात, सोबत ब्रश फुकट आहे का बघतात, दांड्याला रबरी ग्रिप आहे का बघतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी पुढची कड बघा, बाकी सगळं नंतर. कड नीट असेल तर साठ रुपयांची सुपली पण झकास काम करते, आणि कड जाड, वाकडी असेल तर कितीही महाग सेट आणा, रेघ राहणारच.

का राहते ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. साध्या प्लास्टिकच्या सुपलीची कड चाचपून बघा, दीड-दोन मिलिमीटर तरी जाड लागते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो आणि बारीक धूळ त्याहूनही बारीक. म्हणजे एवढ्याशा कणाला दोन मिलिमीटर वर चढवायचं तर झाडूने त्याला उडवावंच लागतं, त्यातलं थोडं आत जातं, थोडं कडेला आपटून तिथेच बसतं. वर आणि कड सरळ पण नसते, मधे पोट उचललेलं असतं नाहीतर एक कोपरा वर, म्हणजे उरलेली धूळ सरळ खालून आत. तिसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते, ती म्हणजे आपण सुपली मागच्या दांड्याला धरून दाबतो, आणि मागे दाबलं की पुढचं टोक किंचित उचललं जातं, म्हणजे जितका जोर लावाल तितकी फट मोठी!

आपल्याकडच्या बायकांना हे न शिकता माहीत होतं. काच फुटली की वर्तमानपत्राची कड ओली करून फरशीला चिकटवायची आणि त्यावर केर ओढायचा. पेपर पातळ, पाण्यामुळे फरशीला पक्का बसलेला, फट शून्य, एक कण मागे राहत नाही. सुपलीला जे हवंय ते एवढंच आहे, पातळ कड आणि ती पूर्ण लांबीभर फरशीला टेकलेली.

पहिल्यांदा टेस्ट करा. ओट्याच्या कडप्प्यावर किंवा एकदम सपाट टाइलवर सुपली ठेवा, लाइट बंद करा, सुपलीच्या आतल्या बाजूने मोबाइलचा टॉर्च कडेवर मारा आणि डोळे कडप्प्याच्या लेव्हलला आणून समोरून बघा. जिथून उजेडाची चीर दिसते तिथून धूळ जाणार. टीएमटीचं म्हणजे ठाण्याच्या बसचं तिकीट असेल तर ते कडेखाली सरकवून बघा, कुठे अडतं, कुठे सुळकन आत जातं, तिथे पेनाने खूण करा.

कड वाकलेली असेल तर आधी सरळ करायची. सुपली उलटी करून खाली त्रिकोणात ५ आकडा आहे का बघा, असला तर ते पॉलिप्रॉपिलीन, आणि हे प्लास्टिक उकळत्या पाण्याने वितळत नाही पण चांगलं नरम पडतं. पसरट पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, फक्त पुढची तीन-चार बोटं कड दोन-तीन मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, काढली की लगेच कडप्प्यावर आडवी ठेवून वर पोळपाट आणि पोळपाटावर पाण्याने भरलेला कुकर, आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवायचं नाही. घाईत उचललं की परत तिचं पोट वर येतं. ते पारदर्शक, रंगीत, टणक प्लास्टिक असतं त्याच्यावर हा प्रयोग करू नका, ते तडकतं. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून कडेच्या वरच्या बाजूला तिरका घासा, खालची बाजू घासायची नाही, म्हणजे वरून उतार तयार होईल आणि टोक पातळ होईल. शेवटी २२० ने हलका हात.

एवढ्यावर थांबलात तरी फरक दिसेल. पण खरी मजा पुढे आहे.

घरात जुना एक्स-रे असेलच, प्रत्येक मराठी घरात कपाटावर ती पिवळी पाकिटं असतात, डॉक्टर परत बघत नाहीत आणि आपण टाकत नाही. ती फिल्म पॉलिस्टरची असते, जाडी पाव मिलिमीटरपेक्षा कमी, वाकते पण घडी पडत नाही, फाटत नाही, पाण्याने काही होत नाही, म्हणजे सुपलीच्या कडेसाठी याहून चांगली वस्तू विकत शोधून मिळणार नाही. सुपलीच्या तोंडाएवढी लांब आणि चार सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. ती सुपलीच्या आतल्या बाजूने बसवायची, खालून नाही, खालून लावली तर जाड कड पायरी म्हणून तशीच राहते. आतून लावून दीड सेंटिमीटर बाहेर काढा आणि तो बाहेरचा भाग बाटलीवर दाबून किंचित खाली वळवून घ्या, म्हणजे सुपली टेकवली की फिल्म स्वतःच्या ताणाने फरशीला चिकटून बसते आणि धूळ उलट्या घसरगुंडीवरून आत सरकते. टाइलच्या जॉइंटवर पण ती वाकून बसते, कडक प्लास्टिकला ते जमत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी सुपली उजेडात धरून पहिला प्रश्न विचारला, "ताई, हा गुडघा कुणाचा?" आईचा आहे, आणि आता तो रोज कामाला येतो.

चिकटवण्याचं मात्र ऐका. पॉलिप्रॉपिलीनला फेविक्विक धरत नाही, एम-सील पण काही दिवसांनी पापुद्र्यासारखं सुटून येतं, तो त्या प्लास्टिकचा गुणच आहे, तुमच्या हाताचा दोष नाही. त्यामुळे सरळ शिवून टाका. दाभण गॅसवर तापवून (खिडकी उघडी ठेवा, वास येतो) कडेपासून दोन सेंटिमीटर मागे दर तीन सेंटिमीटरवर भोकं पाडा, फिल्मला पण तशीच, आणि नायलॉनच्या दोऱ्याने नाहीतर मासेमारीच्या तंगूसने टाके घाला. दोन सेंटिमीटर मागे एवढ्यासाठी की तिथे बहुतेक सुपल्यांचा तळ जरा उचललेला असतो, टाका फरशीला लागत नाही. पुढे शिवलं तर टाक्याच्या जाडीने कड परत उचलली जाईल आणि सगळी मेहनत वाया. फिल्मच्या मागच्या काठावर आतून रुंद सेलोटेप मारा, नाहीतर केर ओतताना धूळ त्या काठाखाली जाऊन बसते आणि पुढच्या वेळी नेमकी स्वच्छ फरशीवर सांडते. एक्स-रे नसेल तर कारच्या जुन्या वायपरचं रबर किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी चालते, पण रबराला केस चिकटतात, मला फिल्मच आवडते.

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या कारखान्यांत कुणी फॅब्रिकेशनवाला ओळखीचा असेल तर पत्र्याची करून घ्यावीशी वाटेल. २४ गेजचा जीआय (म्हणजे झिंकचा थर दिलेला) पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर असतो, म्हणजे कड प्लास्टिकच्या निम्म्याहून पातळ. फक्त त्याला सांगा की तीन बाजू दुमडायच्या, पुढची नाही, सवयीने चारही बाजू दुमडून देतात आणि जाडी डबल होते. पुढची कड कानशीने गोटवून घ्या नाहीतर बोट कापेल. मला ती गच्चीसाठी, कोब्यासाठी ठीक वाटते, घरात व्हिट्रिफाइड टाइलवर ओरखडे काढते आणि घासलेल्या कडेवरचं झिंक गेलेलं असल्याने पावसाळ्यात तिथूनच गंज धरते.

आता दांडा. १८९७ मध्ये अमेरिकेत लॉईड रे यांनी लाकडी दांडा लावलेल्या पत्र्याच्या सुपलीचं पेटंट घेतलं, नंबर ५८७६०७. तेव्हापासून आजपर्यंत घरगुती सुपलीचा दांडा बहुतेक करून मागेच लागतो, आणि मागे दाबलं की पुढे उचलतं ही तक्रार पण तशीच. ज्यांना वाकायला त्रास होतो त्यांनी मॉलमधल्या सफाईवाल्यांकडची उभ्या दांड्याची सुपली बघितली असेल, टेकवली की तोंड फरशीला, उचलली की आपोआप मागे कलते आणि कचरा आतच राहतो. त्यात स्प्रिंग वगैरे काही नसतं, सगळी करामत दांडा कुठे अडकवलाय त्यात आहे. अडकवायची जागा वजनाच्या मध्याच्या पुढे असेल तर उचलल्यावर जड मागची बाजू खाली जाते, तोंड वर होतं. आणि तीच जागा पुढे असल्यामुळे दांडा खाली दाबला की जोर कडेजवळ पडतो. म्हणजे एका भोकात दोन्ही कामं.

घरी करायचं तर सुपलीच्या दोन्ही भिंतींना कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ॲल्युमिनियमच्या छोट्या उभ्या पट्ट्या बोल्टने लावा, सहा-सात सेंटिमीटर वर येतील अशा, आणि त्यांच्या वरच्या टोकाला भोक. उंची महत्त्वाची आहे, भोक खूप खाली घेतलंत तर सुपली नको तितकी उलटते आणि केर पायावर. म्हणून भोक पाडायच्या आधी तिथे सुतळी बांधून, सुपलीत मूठभर तांदूळ टाकून उचलून बघा, एक दाणा न सांडता तोंड वर झालं की जागा पक्की. मग जाड तारेची यू आकाराची कडी, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा) आणि दोन्ही बाजूंना वायसर, नट पूर्ण आवळायचा नाही, कडी सैल फिरली पाहिजे. कडीला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा दांडा, उंची सरळ उभं राहून मनगटापर्यंत. मावशींची तक्रार होती की सोफ्याखाली घालताना दांडा आडवा येतो, त्यावर उपाय म्हणजे पाइप मधे कापून दोन तुकडे जोडणारा एक कपलर टाका आणि वरच्या तुकड्याला चिकटवायचं सोल्युशन लावू नका, पाहिजे तेव्हा ओढून काढता येतो.

सुपलीच्या मागच्या अर्ध्या भागावर छप्पर करा, जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर कापून दोन्ही भिंतींना चार टाके घातले की झालं. आमच्या बाल्कनीत कबुतरांचा मुक्काम असतो, पिसं सुपलीत घेतली आणि पंखा चालू असला की परत हॉलभर, छपरामुळे ती आत अडकतात. (कबुतराची वाळलेली घाण मात्र कोरडी झाडू नका, ती धूळ फुप्फुसाला वाईट, आधी पाणी मारा.) मागच्या काठावर कंगव्याचे दात बसवून त्यात झाडू विंचरायची कल्पना बरेच जण सांगतात, प्लास्टिकच्या ब्रशला ठीक आहे, आपल्या फूलझाडूला लावलीत तर केसांबरोबर काड्याही निघतील.

डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की फिल्मला आणि प्लास्टिकला धूळ चिकटून बसते, ओतली तरी निघत नाही. मगभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात फडकं पिळून पुसा आणि न धुता वाळू द्या, बराच फरक पडतो. पावसाळ्यात याची गरज नाही, तेव्हा सुपली कोरडी असली म्हणजे झालं.

आणि सुपली कोपऱ्यात कडेवर उभी करून ठेवू नका, त्याने कड वाकडी होते. दाराच्या मागे खिळा मारा आणि टांगा. जांभळी नाक्याच्या बाजारात सुपली घ्यायला गेलात तर दुकानातल्या काचेच्या काउंटरवरच टेकवून कड बघून घ्या, दुकानदार जरा विचित्र बघेल, बघू दे. फिल्म घासून पांढरी पडली की टाके उसवून नवीन पट्टी, एका छातीच्या एक्स-रेमधून सात-आठ पट्ट्या सहज निघतात.