दुसरा हात तयार करा: मेंदूला गंभीर इजा झालेल्या माणसाला घरी सांभाळताना

सुरत-नागपूर हायवे आणि मुंबई-आग्रा रोड, दोन्ही खानदेशातून जातात. डोक्याला मार लागून महिना-दीड महिना आयसीयूत काढलेले पेशंट म्हणूनच इथल्या गावोगावी दिसतात. डिस्चार्जच्या दिवशी फाइल मिळते, गोळ्यांची पिशवी मिळते, फिजिओथेरपीचे व्यायाम दाखवले जातात. बायको, आई किंवा सून, जी कोणी यापुढे चोवीस तास पलंगाशी बसणार आहे, तिने स्वतः कसं टिकायचं याचा कागद त्या फाइलीत नसतो. हा तो कागद समजा.

सगळ्यात आधीची गोष्ट: पहिल्या महिन्यातच घरातला दुसरा माणूस शिकवून तयार करा. थकल्यावर बघू म्हटलं तर शिकवायलाही अंगात त्राण उरत नाही. हे एका माणसाचं काम नाही, हे कोर्टानेही मान्य केलेलं आहे. मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या नुकसानभरपाईत सुप्रीम कोर्टाने २०२० साली दोन सेवकांचा खर्च धरला होता. तुमचा अपघाताचा दावा चालू असेल तर सांभाळणाऱ्याचा खर्च त्यात मागितला आहे का, हे वकिलाला आजच विचारा.

दुसरा हात कसा शिकवायचा

दीर, नणंद, मोठा मुलगा, शेजारची काकू, कोणीही चालेल. आठवडा द्या. पहिले दोन दिवस त्याने फक्त बघायचं. पुढचे दोन दिवस तुमच्यासोबत करायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी तो एकटा करेल आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसाल. सातव्या दिवशी दोन तास घराबाहेर जा, मग देवळात जा नाहीतर बाजारात.

त्याला चार कामं यायला हवीत. दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातल्या नळीने जेवण देणं, डायपर बदलून कातडी कोरडी करणं, आणि आकडी आली तर काय करायचं ते. आकडीत पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एक संपून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर लगेच १०८. हे एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगामागे चिकटवा.

ही घडी बिघडते ती बहुतेक वेळा मुख्य सांभाळणाऱ्याकडूनच. दारात उभं राहून 'असं नाही, तसं' सुरू झालं की आठव्या दिवशी दीर येत नाही. उशी जरा तिरकी ठेवली तर ठेवू द्या. मान खाली लोंबली तरच बोला.

रात्र वाटून घ्या

मन खचतं त्यात दुःखाचा वाटा असतोच, पण आमच्या मते तुटक झोपेचा वाटा लोक फार कमी धरतात. दर दोन तासांनी उठणारा माणूस आठ तास आडवा झाला तरी झोपलेला नसतो. म्हणून रात्रीचे दोन भाग करा. रात्री ९ ते २ एक जण, २ ते सकाळी ७ दुसरा. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर झोपायचं. पेशंटच्याच खोलीत खाली अंथरूण टाकलं तर प्रत्येक खोकल्याला डोळा उघडतो. रोज जमत नसेल तर आठवड्यातल्या तीन रात्री तरी नेमून घ्या आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावासकट लिहा. तोंडी ठरलेली पाळी कापूस वेचणीच्या दिवसांत पहिली मोडते.

एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका. लाइट गेली की तो बेड हवा सोडायला लागतो, आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांच्या उकाड्यात घामाने ओली पाठ लवकर सोलवटते. ती जखम भरेपर्यंत सगळ्यांची झोप जाते.

घाई कुठे नडते

संध्याकाळचं नळीचं जेवण बघा. दिवसभराचा शीण, चुलीवर भाकरी, पोरांचा अभ्यास, आणि हातात ५० मिलिची सिरिंज. इथे दट्ट्या दाबून लवकर मोकळं व्हावंसं वाटतं. दाबलं की पोट एकदम फुगतं, उलटी होते, ती श्वासनळीत जाते, आणि मग न्यूमोनिया, पुन्हा अॅडमिट. त्यामुळे दट्ट्या काढूनच ठेवा. नाकाजवळची नळीवरची खूण जागेवर आहे ना ते बघा. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर घ्या. सिरिंजचं नळकांडं नळीला लावून हातभर उंच धरा आणि गाळलेलं जेवण आपल्या वजनाने उतरू द्या. आहारतज्ज्ञाने दिलेलं माप, साधारण २०० ते २५० मिलि, उतरायला १५-२० मिनिटं लागली पाहिजेत. शेवटी ३० मिलि पाणी. त्यानंतर तासभर डोकं खाली नाही.

ही वीस मिनिटं स्वतःसाठी वापरता येतात. एका हाताने सिरिंज धरलेली, दुसरं काही करताच येत नाही. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की छातीतली धडधड खाली येते. पाच मिनिटं पुरतात. उरलेली पंधरा गाणं ऐका.

आणि राग डोक्यात असताना जेवण देऊ नका. दहा मिनिटं उशीर झाला तर काही बिघडत नाही.

तो ओरडतो, मारतो, शिव्या देतो

मेंदूचा पुढचा भाग रागाला लगाम घालतो. तिथे मार लागला की लगाम सुटतो. 'मुद्दाम करतो, माझ्यावरच का' हा विचार सांभाळणाऱ्याला आतून पोखरतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. सगळ्यात जवळ जो असतो त्याच्यावर निघतं, एवढंच.

त्या क्षणी टीव्ही बंद, पंखा चालू, खोलीत एकच माणूस. वाक्य तीन-चार शब्दांचं: 'मी इथे आहे. पाणी देऊ?' वाद घालू नका, समजावू नका. हाताच्या टप्प्यातून मागे व्हा. शांत झाल्यावर कारण शोधा, कारण बोलता न येणाऱ्या माणसाचं ओरडणं हीच त्याची तक्रार असते. शौचाला किती दिवस झाले? लघवीची नळी वाकली आहे का? ताप? पाठीला जखम? उकाडा, डास? यातलं काही नसेल तर नवीन गोळी सुरू झाली का ते बघा. आकडीसाठीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ लेव्हेटिरासिटॅमने, चिडचिड वाढू शकते. डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलू शकतात. स्वतःहून मात्र बंद करू नका, आकडी उलटते. एका वहीत तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, काय झालं, कशाने शांत झाला. पंधरा दिवसांची वही डॉक्टरांपुढे ठेवली की 'फार त्रास देतो' या वाक्यापेक्षा शंभरपट उपयोग होतो.

तुमचा हात उचलला जाईल असं वाटलं, तर पेशंटला कुशीवर घ्या, पलंगाचा कठडा वर करा आणि अंगणात निघून जा. दहा मिनिटांत तो एकटा काही मरत नाही. हात उचलला गेला असेल तर लपवू नका. दुसऱ्या हाताची पाळी आजपासूनच वाढवायची, असा त्याचा अर्थ आहे.

भेटायला येणारे

खानदेशात आजारी माणसाला गाडी भरून भेटायला येतात. प्रेमानेच येतात. मग प्रत्येक जण पलंगावर वाकून विचारतो, 'माले वयखस का?' (मला ओळखतोस का?) पेशंटची परीक्षा होते, तो नापास होतो, आणि कोपऱ्यात बायको पदर डोळ्याला लावते. हे थांबवायचं काम घरातल्या एका वडीलधाऱ्याकडे द्या. भेट संध्याकाळी ५ ते ६, एका वेळी दोन जण. आल्यावर स्वतःचं नाव सांगायचं: 'मी पारोळ्याचा मामा.' विचारायचं नाही.

अंगारा कपाळाला लावू द्या. तीर्थ किंवा पाण्याचा घोट मात्र तोंडात नको, कितीही मोठ्या नवसाचं असलं तरी. गिळणं बिघडलेलं असताना पातळ पाणीच सगळ्यात आधी ठसकतं. 'एक केळं खाऊ घालतो' म्हणणाऱ्याला केळं सांभाळणाऱ्या वहिनीच्या हातात द्यायला सांगा. तिनेही दुपारपासून काही खाल्लेलं नसतं. घरात लहान पोरं असतील तर त्यांना स्पष्ट सांगा की पप्पांच्या मेंदूला लागलंय म्हणून ते ओरडतात, तुझं काही चुकलेलं नाही.

दहावं-तेरावं नसलेलं दुःख

माणूस समोर आहे, पण ज्याच्याशी लग्न केलं तो हा नाही. यावर रडायला समाजात जागा नाही. कोणी गेलेलं नाही, म्हणून दहावं नाही, तेरावं नाही, सांत्वनाला कोणी येत नाही. उलट 'वाचला ना, देवाची कृपा' हेच ऐकावं लागतं. अमेरिकेतल्या संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात या दुःखाचा अभ्यास करून त्याला 'अॅम्बिग्युअस लॉस' हे नाव दिलं. मराठीत त्याला अधांतरी वियोग म्हणता येईल. यातून सुटका अशी नसते, पण दोन्ही वाक्यं एकत्र बोलता आली की गाठ जरा सैल होते: 'तो आहे, आणि तो पूर्वीचा नाही.' महिन्यातून एकदा एखाद्या बहिणीजवळ किंवा मैत्रिणीजवळ पूर्वीच्या माणसाबद्दल बोला, त्याच्या सवयी, त्याचे विनोद. ती अपशकुनाची गोष्ट नाही.

सुधारणा साधारण पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने दिसते. पुढे दोन वर्षं आणि नंतरही ती चालू राहू शकते, पण हळू. म्हणून 'कधी बरा होईल' ऐवजी डॉक्टरांना 'पुढच्या तीन महिन्यांत कशावर मेहनत घेऊ' असं विचारा. त्याचं उत्तर मिळतं.

स्वतःची तपासणी

दर महिन्याच्या १ तारखेला दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोला. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पेशंटच्या तपासणीला जाल त्याच दिवशी मानसोपचाराचाही केसपेपर काढा, फक्त तुमच्या नावाने. घरून निघता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. 'आम्ही दोघं एकदमच गेलो तर बरं' असं मनात आलं, तर बेरीज करत बसू नका, त्याच घटकेला फोन लावा आणि घरातल्या एकाला जवळ बसवा. पुरुष सांभाळणारा असेल तर तो हे बोलून दाखवत नाही. संध्याकाळची दारूची पिशवी किंवा क्वार्टर वाढली का, ते बघा.

आखाजीला माहेर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते. सांभाळणारी सून 'यंदा राहू दे' म्हणते, पुढच्या वर्षीही तेच म्हणते. यंदा जा. त्याच सणाला पेशंटची बहीण तिच्या माहेरी, म्हणजे तुमच्या घरी येते. दुसरा हात तोच. होळीच्या सुमारास नणंदबाईंना फोन करून तीन दिवस मागून घ्या आणि दोन दिवस आधी बोलावून चारही कामं करून घ्या. तीन दिवसांच्या गोळ्या वेळेप्रमाणे डब्यांत भरा, डायपर मोजून ठेवा, सिरिंज दोन ठेवा. फोन दिवसातून एकदा, संध्याकाळचं जेवण नळीतून उतरल्यावर. व्हिडिओ कॉल नको. तो रडताना दिसला तर तुम्ही झोक्यावरून उतरून थेट बसस्टँड गाठाल.