फ्रान्झ सेलमधील बुडबुडे: माझा अनुभव
बडोद्यातील आमच्या प्रयोगशाळेत मलमासारख्या जेलमधील डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध डुकराच्या कानाच्या त्वचेतून किती झिरपते हे मोजताना, एकाच खेपेतील फ्रान्झ सेलचे (वर औषध, मध्ये त्वचा आणि खाली द्रव असलेल्या काचेच्या पात्रांचे) आकडे एकमेकांशी जुळेनात. टॉर्चच्या उजेडात तिरपे पाहिल्यावर त्वचेच्या खालच्या बाजूला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसले. त्वचेचा पृष्ठभाग 32 अंश सेल्सिअसवर राहावा म्हणून बफर (त्वचेखालचा तो द्रव) तापवला की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, आणि बुडबुडा बसतो तेवढ्या भागातून औषध खाली उतरत नाही. म्हणून बफर आधीच कोमट करून, निर्वाताखाली 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला आणि सेल तिरपा करून उरलेली हवा नमुन्याच्या नळीतून काढली. प्रत्येक वेळी मोजणीसाठी नमुना काढल्यावर त्याच्या जागी घालायचा ताजा बफरही तसाच हवामुक्त व त्याच तापमानाचा असावा. माझ्या मते याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.